सोळा इंचांहून जरा जास्त

जुना ड्रमसेट समोर आला की बहुतेक जण आधी बिल्ला शोधतात. प्रत्येक ड्रमच्या अंगाला हवा जायला एक बारीक भोक ठेवलेलं असतं आणि त्याच्या आसपास कंपनीच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला बसवलेला असतो. तो दिसला की भाव ठरतो, वय ठरतं, गप्पा रंगतात. मला विचाराल तर बिल्ल्याकडे सगळ्यात शेवटी पाहावं. बिल्ला निघतो, हरवतो, दुसऱ्याच ड्रमवर जाऊन बसतो. लाकूड, आटे, मापं आणि जागोजागची भोकं यांची अशी अदलाबदल करणं फार अवघड असतं.

माझ्याकडे आलेल्या सेटला तर बिल्ले नव्हतेच. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर तो कित्येक वर्षं पडून होता. पायानं वाजवायचा २० इंची बास ड्रम, त्याच्यावर बसणारा १२ इंची टॉम, जमिनीवर उभा राहणारा १६ इंची फ्लोअर टॉम आणि पोत्यात गुंडाळलेला, खाली तारा असलेला एक साइड ड्रम. त्या घरातले काका सत्तर-ऐंशीच्या दशकांत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ते गेले, आणि सेट वर गेला तो गेलाच. काकू म्हणाल्या, "ने रे बाबू, तूच ने. आमच्या पोट्ट्यायले यातलं काही समजत नाही. कबाडीवाला तं किलोनं मागून राह्यला." त्याच संध्याकाळी मी टेम्पो आणला.

नागपुरात असे सेट आले कुठून, हा प्रश्न मला वाद्याइतकाच ओढून नेतो. बंगाल नागपूर रेल्वे आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या दोघी इथं भेटत. अजनी, मोतीबागेकडच्या रेल्वे वसाहती, पलीकडे १८२१ साली वसलेली कामठीची छावणी, सदरमधली चर्चं आणि मिशनच्या शाळा. नाताळ आणि नव्या वर्षाचे डान्स व्हायचे, डान्स म्हटला की बॅंड आला आणि बॅंड म्हटला की ड्रम आले. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली. अवजड वाद्यं बोटीवर चढवण्यापेक्षा इथंच विकून टाकणं परवडायचं. परदेशी वाद्य नव्यानं आणायचं तर आयात परवान्याचा खटाटोप, वर जबर जकात. त्यामुळे एकदा देशात उतरलेला सेट हातोहात फिरत राहायचा. हा सेटही ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका रेल्वेवाल्या कुटुंबाकडून घेतलेला, असं काकूंनी सांगितलं.

मग त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. गणपती, दुर्गोत्सव, शाळांची गॅदरिंगं, कधी धनवटे रंगमंदिरात तिकीट लावून कार्यक्रम. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केरसी व बुजी यांच्यासारखी माणसं जे वाजवत होती, ते इथले वादक रेडिओला कान लावून उचलत. शिकवायला कोणी नाही, कागदावर लिहिलेलं काही नाही. एक रेकॉर्ड, एक सेट आणि रात्रभर जागायची तयारी. काकांच्या पिढीनं या एवढ्याशा भांडवलावर अख्ख्या विदर्भाला नाचवलं. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. त्यांची वाद्यं तरी कबाडात जाऊ नयेत, एवढं मला मनापासून वाटतं.

ओळख पटवायची तर ड्रम पूर्ण उघडावा लागतो. ताण देणारे रॉड सोडवले, रिम काढल्या, रॉड ज्यांत अडकतात ते लग उतरवले, प्रत्येक ड्रमचं सामान वेगळ्या डब्यात ठेवलं. सगळ्याचे आधी फोटो. मग नुसतं लाकडी खोकं, ज्याला वाजवणारे शेल म्हणतात, ते दारातल्या उजेडात नेऊन आत डोकावलं. लाकडाचे पातळ थर एकावर एक, आणि वरच्या-खालच्या काठाला आतून एकेक लाकडी कडं चिकटवलेलं. साठच्या दशकातल्या स्वस्त जपानी सेटांत बहुधा लुआन नावाचं तांबूस, उघड्या छिद्रांचं लाकूड सापडतं. हे तसं नव्हतं. मी तो शेल लकडगंजला एका ओळखीच्या सुताराकडे नेला. जन्म सागात काढलेला माणूस. त्यानं ओलं बोट कड्यावरून फिरवलं, शेल तिरपा धरला आणि म्हणाला, "साग नाही, शिसम नाही, आपल्याकडचं नाहीच हे भाऊ. हे ठिपके पाहा, तिळासारखे." लाकूड ओलं झाल्यावर मलाही ते दिसले. आखूड, गडद, सगळे एकाच दिशेनं पडलेले. बीच नावाच्या विलायती लाकडाची ती खूण. पातळ शेल आणि त्याला आधार म्हणून बीचची कडी, ही इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीची जुनी पद्धत.

एका खुणेवर विसंबून चालत नाही. दुसरी खूण रिमची. रिम म्हणजे पान, ज्यावर काठी मारतात तो पडदा, दाबून धरणारं वरचं धातूचं कडं. बहुतेक कंपन्या ती पत्रा दाबून, वळवून करत. अमेरिकेतली ग्रेच आणि इंग्लंडमधली प्रीमियर, या दोघींची ख्याती मात्र ओतीव रिमसाठी. हातात घेतली की फरक कळतो. ओतीव रिम जड असते आणि नखानं टिचकी मारली तर पत्र्याच्या रिमसारखी लांब घुमत नाही, टक् करून थांबते. दोन्ही टॉमच्या रिम टक् करून थांबल्या.

तिसरी खूण सगळ्यात पक्की निघाली. फ्लोअर टॉमसाठी नवं १६ इंची पान आणलं आणि ते शेलवर उतरेचना. कडेला अडकून राहिलं. टेप लावून पाहिली, एकदा उभी, एकदा आडवी, मग तिरपी. शेल गोल होता, वाकलेला नव्हता. तो फक्त १६ इंचांहून जरा जास्त होता. प्रीमियरचे जुने टॉम असेच असतात. १९६८च्या सुमारास कंपनीनं आंतरराष्ट्रीय माप स्वीकारलं, त्याच्या आधीचे टॉम नाममात्र मापापेक्षा किंचित मोठे. बाजारातली आजची पानं त्यांच्यावर बसत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीनं पुढे मला सगळ्यात जास्त दमवलं, तिनंच सेटचं वयही सांगून टाकलं. लुडविगसारख्या अमेरिकन कंपनीच्या ड्रमवर १९६३-६४ पासून क्रमांक असतात, शेलच्या आत कधी तारखेचा शिक्काही असतो. इथं ती सोय नव्हती. माप हाच शिक्का.

प्रीमियरबद्दल थोडं सांगायला हवं. १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, बॉम्बहल्ल्यात कारखाना गेला आणि बिऱ्हाड लेस्टरकडे हललं. जिथं जिथं इंग्रजी राज्य होतं किंवा होऊन गेलं होतं, तिथं त्यांचे ड्रम पोचले. 'द हू' या बॅंडचा कीथ मून ज्या बेभान ताकदीनं बडवायचा, ते ड्रमही प्रीमियरचेच. त्या मारातून टिकलेली घडण महालातल्या माळ्यावर टिकली, यात मला नवल वाटलं नाही.

चौथी खूण आट्यांची, आणि इथूनच माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट सुरू होते. काही टेन्शन रॉड कमी होते. नवे करून घ्यायला कॉटन मार्केटकडच्या एका जुन्या खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे गेलो. त्याचे वडील एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. जमशेटजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली आणि तिथली यंत्रं विलायती असल्यानं नागपूरच्या जुन्या कारागिरांच्या घरात इंची आट्यांचे टॅप-डाय अजून जपून ठेवलेले सापडतात. त्यानं आटे तपासायची पट्टी काढली. मेट्रिकची पात लावली तर फटीतून उजेड दिसे. इंचाची लावली आणि दातात दात बसले. इंचाला २४ आटे. मग त्यानं डब्यातले सगळे रॉड चटईवर ओतले, एकेक उचलून डोळ्याजवळ नेला आणि त्यातले काही बाजूला काढले. पितळेचे होते, वर क्रोम नव्हता. चावी बसायचं चौकोनी डोकं कानशीनं घासून केलेलं. चारी बाजू अगदी सारख्या नव्हत्या, पण चावी घट्ट बसत होती. "हे विलायतचे नाहीत," तो म्हणाला, "हे इथंच खरादवर काढलेले. काम चांगलं आहे." एका कारागिरानं न पाहिलेल्या दुसऱ्या कारागिराला दिलेली ती दाद होती.

असल्या खुणा मग जागोजाग दिसू लागल्या. फ्लोअर टॉमच्या आतलं खालचं कडं कधीतरी सुटलं होतं आणि फटीत कागदाची घडी घालून ते परत चिकटवलेलं होतं. वर्तमानपत्राचा कागद, सरसानं तपकिरी झालेला. भिंगाखाली 'लोकमत'ची अक्षरं लागली. लोकमत दैनिक म्हणून नागपुरातून निघू लागला १९७१ साली, म्हणजे ही दुरुस्ती त्यानंतरची, ऑर्केस्ट्राच्या दिवसांतली. बास ड्रमवर टॉम अडकवायचा मूळ कंस गेला होता आणि त्याजागी नळाच्या पाइपाला लावतात तसला क्लॅम्प. त्याच्या शेजारी जुनी भोकं, आतून लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली. बास ड्रमच्या पोटात घोंगडीची पट्टी, आवाज दाबायला. बिल्ला निघालेल्या जागी तेवढाच तुकडा मूळ रंगाचा राहिला होता. बाकी सगळं आवरण पिवळटलेलं असताना ती जागा शुभ्र, आत मोत्याची झाक.

परदेशातल्या संग्राहकांचा एक दंडक असतो: सगळं कारखान्यातून निघालं तसं हवं. स्क्रूसुद्धा त्याच सालचा. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं सुटे भाग गोळा करतात आणि त्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण हा दंडक नागपूरच्या सेटला लावला तर त्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य कचऱ्यात टाकावं लागेल. लेस्टरच्या कामगारांनी तो एकदा घडवला. त्यानंतर जेव्हा सुटा भाग मागवायला ना परवाना होता ना पैसा, तेव्हा इथल्या खरादवाल्यानं, सुतारानं आणि वाजवणाऱ्यानं तो पुन्हा पुन्हा उभा केला. पितळी रॉड हा डाग नाही. तो नसता तर सेट १९७५ मध्येच गप्प झाला असता. म्हणून कामाला हात घालण्याआधी मी एकच नियम केला. जे नुकसान करतंय ते काढायचं, जे काम करतंय ते ठेवायचं, मग ते लेस्टरचं असो की कॉटन मार्केटचं. पितळी रॉड राहिले. क्लॅम्प राहिला. लोकमतची घडी सरस सुटल्यामुळे काढावी लागली, पण ती पातळ पाकिटात घालून शेलच्या आत परत लावून ठेवली आहे.

नुकसान करणारी मुख्य गोष्ट होती हवा. नागपूरची हवा लाकडाला दोन्हीकडून छळते. २३ मे २०१३ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा मे महिन्यात हवेतला ओलावा जवळपास संपतो आणि लाकूड आक्रसतं. मग जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि तेच लाकूड फुगतं. याहून वाईट म्हणजे कूलर. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत असताना कूलर खोलीत ओली हवा फेकतो, दुपारी ओलं, बंद केला की पुन्हा कोरडं. उन्हाळाभर रोज हाच खेळ. ज्या बाजूला कूलरचा झोत येतो त्या बाजूच्या ड्रमचे थर आधी सुटतात. बास ड्रमची एकच बाजू फुगलेली का, हे काकूंनी त्यांची जुनी बैठक दाखवल्यावर कळलं. कूलरच्या खिडकीखाली सेट मांडायची जागा होती. नागपुरात ज्यांच्या घरी लाकडी वाद्य असेल, तबला, पेटी, गिटार काहीही, त्यांनी ते कूलरच्या झोतात ठेवू नये. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ दुरुस्त्या टळतील.

सुटलेल्या थरांत इंजेक्शनच्या सुईनं पातळ केलेला फेविकॉल सोडला, आतून-बाहेरून गोलाईला जुळणारे लाकडी ठोकळे लावले आणि क्लॅम्पनं आवळून ठेवलं. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या, थंड दिवसांत करावं. तेव्हा सरस सावकाश वाळतो आणि लाकूड स्थिर असतं.

बाहेरच्या मोतिया आवरणाची गोष्ट वेगळी. जोडाच्या जागी ते सुटून वर आलं होतं. त्याची कड बोटानं जोरात घासली आणि नाकाशी नेली तर कापराचा वास आला. हा वास आला की सावध व्हायचं. सेल्युलॉइड बनवताना नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालतात आणि ते भयंकर पेटतं. असं आवरण सरळ करायला गरम हवेचं यंत्र लावू नये, शेजारी उदबत्तीसुद्धा लावू नये. मी जुना सरस खरवडून काढला, नवा संपर्क-सरस दोन्हीकडे लावला, वाळू दिला, दाबून बसवलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून शेलभोवती ताणून गुंडाळल्या. ट्यूबचा दाब सगळीकडून सारखा पडतो आणि मोत्यावर ओरखडा येत नाही. पिवळेपणा तसाच ठेवला. वरचा थर घासून तो पुष्कळ उजळता येतो, पण मग बिल्ल्याखालचा तो शुभ्र तुकडा आणि बाकीचा ड्रम यांत फरक उरत नाही. मला तो फरक हवा होता.

क्रोमच्या बाबतीत एक कळकळीची सूचना. आपल्याकडे प्लेटिंगवाल्याकडे नेलं की तो आधी जुना मुलामा आम्लात उतरवतो. लोखंडी किंवा पितळी भागाला ते चालतं. ओतीव रिम आणि लग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यांना आम्ल आतून खातं. चकचकीत होऊन आलेला लग महिन्या-दोन महिन्यांत फोड येऊन उलतो. मी स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून त्यानं गंज घासला, कोरडं केलं आणि मेण लावलं. खोल खड्डे राहिले, वरचा तांबूस थर गेला. एवढं पुरे आहे.

शेलचा काठ, ज्यावर पान टेकतं, तोच ड्रमचा आवाज ठरवतो. तो तपासायला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा कामी आला. रात्री दिवे मालवले, शेल ओट्यावर पालथा ठेवला, आत टॉर्च लावली आणि ओट्याच्या पातळीत डोळे आणून पाहिलं. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथं काठ खाली गेलाय. १२ इंची टॉमला एकही रेघ नाही. फ्लोअर टॉमला एका बाजूला बोटभर लांबीची. कारखान्यानं ठेवलेली काठाची गोलाई जुन्या ड्रमचा उबदार आवाज देते, त्यामुळे यंत्रावर नवा धारदार काठ काढून घ्यायचा मोह टाळला. सपाट पाटीवर काचकागद चिकटवून शेल हलक्या हातानं फिरवला, रेघ बुजली की थांबलो. वरून मेणबत्ती घासली. बस्.

आता पान. २० इंची बास ड्रमला आजचं पान नीट बसलं. १२ इंचीची जुनी प्लास्टिकची पानं अजून वाजण्यासारखी होती, फ्लोअर टॉमचं खालचंही शाबूत होतं. वरचं मात्र फाटलेलं. इथं दोन रस्ते सगळे सुचवतात. एक म्हणजे शेल बाहेरून घासून बारीक करायचा, म्हणजे आजचं पान बसेल. असं केलेले पुष्कळ ड्रम आहेत. ज्या मापानं या ड्रमची ओळख पटवली तेच मिटवून टाकायचं, हे मला पटणं शक्य नव्हतं. दुसरा रस्ता म्हणजे जुन्या मोठ्या मापांची खास पानं करणाऱ्या परदेशी कंपन्यांकडून मागवायचं. तो रस्ता बरोबर आहे, ज्याला घाई आहे त्यानं घ्यावा. मला तिसरा दिसत होता. प्लास्टिकची पानं बाजारात नावारूपाला आली १९५७च्या आसपास, अमेरिकेत रेमो बेली यांच्यामुळे. त्याआधी जगभरचे ड्रम कातड्यानंच मढवलेले असत. आणि वाद्य मढवणारे हात नागपुरात आजही आहेत.

इतवारीतल्या चाचांकडे गेलो. ढोलक, डफ, नाल, सगळं मढवतात. ड्रमसेट त्यांनी आधी केला नव्हता, पण शेल हातात घेऊन काठावर अंगठा फिरवला आणि त्यांना सगळं कळलं. कातडं बकऱ्याचं ठरलं. विलायतेत वासराचं वापरत, बकऱ्याचं त्याहून पातळ, पण फ्लोअर टॉमला चालण्यासारखं. अडचण आतल्या कड्याची होती, ज्याच्याभोवती कातडं दुमडतात. १६ इंचांहून जरा जास्त मापाचं कडं विकत कुठून मिळणार? पुन्हा लकडगंज. सुतारानं शेललाच साचा केला. त्यावर प्लास्टिकचा कागद गुंडाळला, म्हणजे कडं जरा सैल होईल, आणि विनियरच्या पातळ पट्ट्या सरस लावून एकावर एक वळवल्या. दुसऱ्या दिवशी उतरवलं तेव्हा कडं शेलवर अलगद सरकत होतं, खडखडत नव्हतं.

कातडं रात्रभर पाण्यात भिजलं. सकाळी चाचांनी ते फळीवर पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या, वर कडं ठेवलं आणि कडेची पट्टी आत वळवून कड्याखाली सारायला सुरुवात केली. हत्यार म्हणजे चमच्याचा दांडा, टोक घासून गुळगुळीत केलेला. समोरासमोरच्या जागा आधी, मग त्यांच्या मधल्या, मग त्यांच्याही मधल्या. एका बाजूनं सुरू करून गोल फिरत गेलं तर कातडं एकीकडे ओढलं जातं. ओलं असतानाच ते ड्रमवर चढवलं, वर रिम ठेवली आणि रॉड हातानंच फिरवून रिम काठाच्या थोडी खाली आणली. हे महत्त्वाचं. कातडं वाळताना आक्रसतं आणि रिमला वर ओढतं. आधीच थोडी खोली ठेवली नाही तर वाळल्यावर ताणायला जागाच उरत नाही. चाचा म्हणाले, "भैया, धूप में रख्खे तो गया समझो. छाँव में सूखने दो, और हाथ नहीं लगाना." मी घरी आणून पंखाही बंद ठेवला.

कातड्याचं पान हवेबरोबर जगतं, हे पत्करावं लागतं. पावसाळ्यात ते ढिलं पडतं. आपल्याकडे डफडं शेकून घेतात ते उगाच नाही. विलायतेतही प्लास्टिकच्या आधीच्या काळात बास ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवत, कातडं कोरडं राहावं म्हणून. नागपुरात मला उलटी काळजी. मे महिन्यात वाजवून झालं की प्रत्येक रॉड थोडा सैल करून ठेवायचा, नाहीतर रात्रीतून कातडं स्वतःच्याच ताणानं फाटायचं.

साइड ड्रमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो मूळ सेटमधला नव्हे, बॅंडपार्टीवाल्यांकडून आलेला, पितळी अंगाचा. देशभरच्या बॅंडांची वाद्यं मेरठच्या जली कोठी भागातून येतात, याच्या घडणीवरून हाही तिकडचाच वाटतो. खालच्या तारा बदलल्या, पान बदललं, आता चांगला कडक वाजतो.

सेट पुन्हा मांडला तेव्हा वाजवायला एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणाऱ्या पोराला बोलावलं. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं. आधी त्याला आवाज जुना वाटला. मग त्यानं फ्लोअर टॉमवर मऊ डोक्याच्या काठ्या घेतल्या आणि हळूहळू वाजवू लागला. कातड्याचा आवाज प्लास्टिकसारखा टणकन उठत नाही. आधी खोल जातो, मग वर येतो, आणि मागे गुंजन ठेवत नाही. बराच वेळ तो फक्त तोच एक ड्रम वाजवत बसला.

या गणपतीत सेट वापरायला मिळेल का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. टॉमचा क्लॅम्प त्याला बुटका पडत होता, तर बास ड्रमला नवीन भोक पाडून आजच्या पद्धतीचा स्टँड बसवू या, असं तो म्हणाला. मी त्याला आतल्या बुजवलेल्या खुंट्या दाखवल्या, क्लॅम्प दाखवला, कोणतं भोक कधीचं असावं ते सांगितलं. आता नवं भोक पाडायचं नाही. टॉम वेगळ्या स्टँडवर बसेल, बास ड्रमला हात लागणार नाही. त्याला ते पटलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येऊन तो फ्लोअर टॉमचे रॉड कसे लावायचे ते शिकून घेणार आहे. पितळी रॉडना चावी जरा दाबून बसवावी लागते, ते त्याला दाखवायचं आहे.